कासवाचा पाला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'काटकसरीचे चार शब्द सांगा' म्हणून चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे. लोणची-पापडांवर बोलणाऱ्या माझ्यापेक्षा जाणत्या इथे पुष्कळ आहेत. तेव्हा ज्यात मला कुणी प्रतिस्पर्धी नाही असा विषय मी निवडला आहे. आमच्या कासवाला फुकटचा ताजा पाला कसा मिळवावा, हा तो विषय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण आपली स्मरणिका टपालाने पुण्या-मुंबईलाही जाते. हा सारा खटाटोप इंग्लंडातला आहे. तिकडच्या भाचरांनी हे वाचून पाठीवर चांदण्या असलेल्या आपल्या कासवाचा हट्ट धरला, तर त्यांना आवरा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरी पाळणे हा गुन्हा आहे.

आमचे कासव भूमध्य समुद्राकाठच्या जातीचे. ही कासवे व्यापारासाठी इथे आणण्यास १९८४ साली बंदी झाली. आमचे त्यापूर्वी आलेले. शेजारच्या आजीबाई तीन वर्षांमागे वृद्धाश्रमात गेल्या, तिथे कासव नेता येईना, म्हणून त्यांनी ते माझ्या ओटीत घातले म्हणा ना! मूलबाळ नसलेल्या बाईंनी त्याला मायेने वाढवले होते. काकडी, टोमॅटो, पिकले केळे, आणि दुकानातल्या सॅलडची कोवळी पाने. जनावरांच्या डॉक्टरांनी पाठीची कड बोटाने दाबून पाहिली, तर ती दबत होती. ते म्हणाले, "खाणे बदला, नाहीतर हे फार दिवस काढणार नाही."

ह्या जातीचे कासव मूळचे कोरड्या डोंगरउतारावरचे. तिथे त्याला मिळते ते चरबट रानतण: चोथा भरपूर, कॅल्शियम भरपूर, प्रथिने बेताची, साखर नाममात्र. काकडी-सॅलडात पाण्याखेरीज फारसे काही नाही. फळाच्या साखरेने त्याचे पोट बिघडते. पालक पौष्टिक खरा, पण त्यातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून टाकते. आपल्याला वाटते, मोड आलेली मटकी घालावी. तीही नको, प्रथिने फार. म्हणजे पैसे मोजून आणावे ते त्याला वाईट आणि लोक बागेतून उपटून टाकतात ते चांगले. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला याहून सोयीचा पाहुणा कोणता?

तेव्हा मी करंडी घेऊन बाहेर पडले. आमचे 'हे' म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील? साडी नेसून रस्त्याकडेला गवत खुडतेस!" मी म्हटले, लोकांचे राहू द्या, कायदा काय म्हणतो ते पाहा. ह्यांनी वाचनालयात जाऊन पाहिले. इथल्या १९६८ च्या चोरीच्या कायद्यात रानात आपोआप उगवलेल्या झाडाची पाने-फुले स्वतःपुरती खुडणे ही चोरी धरलेली नाही. विकण्यासाठी मात्र खुडू नये. आणि १९८१ च्या कायद्याप्रमाणे जमिनीच्या मालकाला विचारल्याखेरीज रोप मुळासकट उपटायचे नाही. बागांना नगरपालिकेचे आपापले नियम असतात, ते फाटकावर वाचावेत. तेव्हापासून 'हे' स्वतःच करंडी धरतात.

आता पाला. पहिला मान डँडेलियनचा. पिवळ्या फुलाचे, करवतीच्या दातांसारख्या पानांचे हे तण तुम्ही सर्वजणींनी अंगणातून खणून काढले असेल. नावाचा मूळ फ्रेंच अर्थ 'सिंहाचा दात'. पान तोडले की पांढरा चीक येतो. आपल्या पाथरीच्याच कुळातले हे. पाने, फुले, देठ, सारे चालते. पिवळे फूल समोर धरले की आमचे कासव जी मान लांब करते, ती दुसऱ्या कशासाठीही करत नाही. दुसरे प्लँटेन. कच्च्या केळ्याशी त्याचा काही संबंध नाही बरे का! इसबगोलाचे हे सख्खे भावंड. पानावर लांबच लांब उभ्या शिरा असतात, त्यावरून ओळखावे. याखेरीज मॅलो आणि सो-थिसल. क्लोव्हर थोडेच. ज्यांच्या काचघरात जास्वंद आहे, त्यांनी देवाला वाहून उरलेली फुले मला द्यावीत. पानेही तो आवडीने खातो.

बाजार उठताना भाजीवाला मुळ्याचा आणि गाजराचा पाला टोपलीत टाकतो. मागितला तर हसत देतो. पण तो अधूनमधून, रोज नव्हे. कॅल्शियमसाठी पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना देतात ते समुद्रफेन एका कोपऱ्यात ठेवले आहे. आपल्या आजीच्या बटव्यातले हे औषध इथे पक्ष्यांच्या दुकानात मिळावे, याची मला मोठी मौज वाटली. ऊन मात्र हवेच. नुसत्या पाल्याने हाड धरत नाही. ऊन नसेल तेव्हा त्यासाठीचा खास दिवा लावावा लागतो, आणि तो काही फुकट मिळत नाही.

जपायचे ते दोन ठिकाणी. जिथे कुत्री फिरतात किंवा तणनाशक फवारतात तिथले पान घेऊ नये, आणि घेतलेले धुवावे. आणि जे ओळखता येत नाही ते करंडीत टाकू नये. बटरकप, रॅगवर्ट, डॅफोडिल, सारी विषारी. फॉक्सग्लव्हचे कोवळे झुडूप तर फसवे; ज्या कुळातून हृदयाचे औषध काढतात तेच हे.

हिवाळ्यात पाला कुठून आणता, असे विचाराल. आणावाच लागत नाही! गराजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये पाच अंशांच्या आसपास ते झोपते. त्याआधी तीन-चार आठवडे खाणे बंद करून, कोमट पाण्यात बसवून, पोट रिकामे होऊ द्यायचे. वसंतात ते जागे होते तेव्हा डँडेलियन फुललेले असतातच.

तीन उन्हाळे झाले. पाठीची कड आता दाबली तर दबत नाही. महिन्यातून एकदा मी त्याला खोक्यात घालून आजीबाईंना भेटवून आणते. "सॅलड खातो ना?" असे त्या दर वेळी विचारतात. "हिरवे पान रोज खातो," असे मी सांगते.

आता खरे कारण सांगते. गिल्बर्ट व्हाइट या प्रसिद्ध निसर्ग-लेखकाला १७८० साली आपल्या आत्याकडून कासव वारशाने मिळाले. १७९३ साली तो गेला, कासव त्याच्यामागे उरले. माझी सत्तरी जवळ आली आहे, आणि हे कासव आणखी तीस-चाळीस वर्षे सहज काढील. ज्यांच्या अंगणात ऊन पडते आणि घरात मुले-सुना आहेत, त्यांनी चहाच्या वेळी माझ्याशी बोलावे. विकत नाही, तशीच देणार आहे. विकायला सरकारी दाखला लागतो. करंडी बरोबर आणली आहे, पाने हाताळून पाहा. फॉक्सग्लव्ह वेगळ्या पिशवीत बांधले आहे; त्याला हात लावलात तर बटाटेवड्याआधी हात धुवा.