शरीराची स्मरणशक्ती



झाशीतील मराठी कुटुंबांना शीतलादेवीचे थंड अन्नाचे व्रत दोनदा भेटते. होळीनंतरच्या अष्टमीला शेजारच्या बुंदेली घरी बसोडा असतो, तर मराठी घरी श्रावणात शीतला सप्तमी. या व्रतांमागे देवीच्या रोगाचे भय होते. मात्र ज्याला देवी एकदा येऊन गेल्या, त्याला त्या सहसा पुन्हा येत नसत, हेही लोकांनी पूर्वीच ओळखले होते. असे का व्हावे?

त्वचा ही शरीराची तटबंदी होय. ती ओलांडून जंतू आत शिरला की भक्षक पेशी त्याला गिळू लागतात. पुढे त्याच जंतूला नेमके ओळखणाऱ्या मोजक्या पेशींची संख्या वाढते. त्यांपैकी बी-पेशी प्रतिपिंडे निर्माण करतात आणि टी-पेशी रोगग्रस्त पेशींचा नाश करतात. पहिल्या वेळी या तयारीला एक-दोन आठवडे लागतात व तेवढ्यात रोग बळावू शकतो. रोग हटल्यावर काही स्मृतिपेशी मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आल्यास त्या त्याला त्वरेने आवरतात.

ही स्मृती आजाराविना देणे, हे लसीचे कार्य. गायीच्या सौम्य देवीने माणसाच्या देवीपासून रक्षण होते, हे एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये दाखविले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचण्यात आली. भारतातील ती पहिली यशस्वी लस. त्या काळी शीतपेट्या नव्हत्या. एकाच्या दंडावरील फोडातील द्रव दुसऱ्याला टोचून लस पुढे नेली जाई. तिच्या दंडावरूनही ती इतर मुलांपर्यंत पोहोचली. ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली.

परंतु ही स्मृती वारशाने मिळत नाही. आईची प्रतिपिंडे बाळाला काही महिनेच सांभाळतात. गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर दिली जाते. तोवर बाळाची सुरक्षितता भोवतालच्या माणसांनी घेतलेल्या लसींवरच अवलंबून असते. एका घराच्या विसराळूपणाची किंमत दुसऱ्या घरचे बाळ मोजते.

झाशीत मराठी टिकली ती रक्तातून नव्हे, तर प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला शिकविली म्हणून. आरोग्याचेही तसेच आहे. पालकांनी आज घरी गेल्यावर मुलांचे लसीकरण कार्ड उघडून पाहावे आणि त्यातील एकही रकाना रिकामा राहू देऊ नये.