नाणेघाटाची वाट आणि सातबाऱ्यावरचं नाव

एरवी मी तुमच्याशी बचत, कर्ज, वही आणि बँक यांवरच बोलते. आज जरा चालायला जाऊ या. घाई नाही, शिखर गाठायचं नाही. गप्पा मारत, शेतांच्या बांधाबांधानं चालायचं. ठिकाण आहे जुन्नर तालुक्यातला नाणेघाट.

विक्रोळीहून लोकलनं कल्याण आणि तिथून माळशेज घाटानं जुन्नरची एसटी, असा आपला रस्ता. दोन हजार वर्षांपूर्वीही कल्याण आणि सोपारा ही बंदरं गजबजलेली होती. जहाजातून उतरलेला माल जनावरांच्या पाठीवर लादून सह्याद्री चढायचा आणि जुन्नरला, तिथून पुढे पैठणला जायचा. त्या चढणीची खिंड म्हणजे नाणेघाट. सातवाहन राजांच्या काळातली ही वाट आजही पायाखाली दगडी पायऱ्या दाखवते.

कोकणातून, म्हणजे मुरबाडच्या पुढे वैशाखऱ्याकडून, ती चढता येते. पण ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी वरून जावं. जुन्नरहून घाटघर गाठायचं आणि पठारावरून रमतगमत चालत राहायचं.

दसरा ते दिवाळी हे दिवस त्यासाठी उत्तम. भातखाचरं पिवळी पडायला लागलेली असतात. उतारावर नाचणी आणि वरई, मध्येच खुरासणीच्या फुलांचा पिवळाधमक तुकडा. बांधावर हिरड्याची झाडं. समोर जीवधन किल्ला आणि त्याला चिकटून वानरलिंगीचा सुळका. इथे बहुतेक वस्ती महादेव कोळी समाजाची. शेती पावसाच्या पाण्यावरची. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून विकायचा, तोच हातात चार पैसे देतो. राब भाजण्यापासून आवणी-कापणीपर्यंत कुठल्याही खाचरात पाहा, वाकलेल्या पाठी बायकांच्याच जास्त दिसतील.

गेल्या वर्षी आम्ही गटातल्या अकरा जणी गेलो होतो. आमच्यातल्या एका मावशींनी बांधावरून हात घालून भाताची लोंबी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, "अजून आठ दिवस तरी लागतील हिला." कन्नमवारनगरात तीस वर्षं काढली तरी त्यांची बोटं भात विसरली नव्हती.

पठार संपतं तिथे एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. तिथून खिंडीत थोडं उतरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर अक्षरं कोरलेली गुहा लागते. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, एकूण वीस ओळी. हा लेख सातवाहनांची राणी नागनिका हिचा. ती एका महारठीची मुलगी, सातकर्णी राजाची राणी. लेख काही ठिकाणी तुटला आहे, पण राजघराण्यानं केलेले यज्ञ आणि त्यात दिलेलं दान त्यात स्पष्ट मोजलेलं आहे. 1,700 गाई, 10 हत्ती, 24,400 कार्षापण नाणी, असे आकडे आहेत. भारतात आकडे कोरलेले जे सगळ्यात जुने लेख सापडले, त्यांत हा मोडतो. तेव्हा शून्य नव्हतं. दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी खूण होती.

हे ऐकून मावशी म्हणाल्या, "म्हणजे राणीनं खर्चाची वहीच भिंतीवर लिहून ठेवली की!"

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता जेमतेम पायांच्या खुणा उरल्यात. वर कोरलेली नावं मात्र वाचता येतात. त्यांत नागनिकेचंही आहे. मूर्ती गेली, नाव राहिलं.

परत येताना जुन्नरच्या लेण्यांतही असंच. तिथल्या लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. धान्यवाल्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान केलं. नाशिकच्या लेण्यात तर विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा हिशोब आहे. 2,000 कार्षापण महिना एक टक्क्यानं, 1,000 कार्षापण महिना पाऊण टक्क्यानं. मुद्दल परत काढायचं नाही, व्याजच वापरायचं. आपण दर महिन्याला व्याजाचा रकाना भरतो, तो रकाना एवढा जुना आहे!

आता मला जे सांगायचं आहे ते. ज्याचं नाव लिहिलेलं असतं, त्याचा हक्क सांगता येतो. राणीला नाव कोरायला डोंगर मिळाला. आपल्याला सातबारा पुरेल. पण आपल्यातल्या किती जणींचं नाव गावच्या सातबाऱ्यावर आहे? आमच्या अकरा जणींत असं नाव असलेल्या दोघीच निघाल्या. बाकीच्यांनी सातबारा कधी पाहिलाच नव्हता.

2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. हा हक्क जन्मानं मिळतो, त्यासाठी 2005 साली वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट 2020 मध्ये सांगितलं. अनुसूचित जमातींना मात्र हा कायदा आपोआप लागू होत नाही. म्हणजे घाटघरच्या खाचरात राबणाऱ्या बाईची वाट आपल्याहून बिकट आहे, हेही लक्षात ठेवू.

भावाशी भांडा, असं मी म्हणत नाही. माहेर तोडून कोणाला जमीन हवी असते? पण हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणं आलं, तर आधी कागद वाचून घ्या. सोडायचं असेल तर समजून सोडा. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा पाहता येतो. आपलं नाव भोगवटादाराच्या रकान्यात आहे, 'इतर अधिकार' मध्ये आहे, की कुठेच नाही, ते बघा. वारस लागलात तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे नोंद द्या आणि फेरफार झाल्याची खात्री करा.

आणि हो, नाणेघाटला नक्की जा. चांगली पकड असलेले बूट, दोन बाटल्या पाणी आणि भाकरी-चटणी घ्या. पिकात पाय घालू नका. गुहेत खडूनं नाव लिहू नका. आपलं नाव लिहायची जागा तलाठ्याच्या दप्तरात आहे.

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. नमस्कार.