मुलाखतीची तयारी गावातच व्हावी

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळविलेला आपल्या गावाकडचा तरुण मुलाखतीच्या दालनात शिरताच त्याची वाचा बसते, ही तक्रार आपण सर्वांनी ऐकलेली आहे. त्याचे खापर बहुधा इंग्रजीवर फोडले जाते. मला ते कारण पुरेसे वाटत नाही. संघ लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्या उमेदवारास मुलाखतही मराठीतून देता येते. ही सोय असूनही शब्द फुटत नसेल, तर उणीव भाषेची नसून सवयीची आहे. वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये, असे आपण मुलांना, आणि मुलींना तर विशेषच, बालपणापासून शिकवितो. मग एके दिवशी त्यांना अपरिचित वडीलधाऱ्यांपुढे बसवून बोलते होण्याची अपेक्षा करतो!

मुलाखतीत वशिल्यावाचून निभाव लागत नाही, असे म्हणून हातपाय गाळणारेही पुष्कळ आहेत. त्यांनी थोडा हिशेब पाहावा. नागरी सेवा परीक्षेत लेखी भागास १७५० आणि मुलाखतीस २७५ गुण आहेत; आपल्या राज्यसेवा परीक्षेनेही २०२५ पासून हीच विभागणी स्वीकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली अजय हासिया खटल्यात, श्रीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रवेशांसंबंधी, १५० पैकी ५० गुण तोंडी चाचणीस ठेवणे मनमानीचे ठरविले. केंद्र शासनाने तर कनिष्ठ पदांच्या मुलाखती १ जानेवारी २०१६ पासून बंदच केल्या. जेथे मुलाखत उरली आहे तेथे भर लेखी परीक्षेवर आहे. मात्र अंतिम यादीतील क्रमांक चार-दोन गुणांनीही वरखाली होतो, हे विसरून चालणार नाही.

आयोगाच्या नियमांतच म्हटले आहे की, मुलाखत ही उलटतपासणी नव्हे. ते सहज परंतु हेतुपूर्वक चालविलेले संभाषण असते. या संभाषणाचा धागा मंडळास मिळतो तो उमेदवाराच्या अर्जातून. गाव, तालुका, शिक्षण, मधली रिकामी वर्षे, छंद, सारे त्यात असते. आणि उमेदवार नेमका तोच कागद वाचावयाचा विसरतो! छंद म्हणून ‘वाचन’ लिहितो आणि अलीकडे काय वाचले असे विचारताच छताकडे पाहू लागतो.

समजा, उमेदवार सांगोल्याचा आहे. त्यास डाळिंबाविषयी विचारले जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. पाठ केलेले उत्तर असते ते ‘डाळिंब हे कोरडवाहू भागास वरदान आहे’ अशा थाटाचे. त्याने पुढील प्रश्नाचे दार बंद होते. याच मुलाने बापाबरोबर बागेत काम केलेले असते. मृग बहर धरला तर फळे पावसाळ्यात वाढतात, दमट हवेत तेल्या रोग बळावतो, म्हणून अनेक बागायतदार हस्त बहराकडे वळतात, हे त्यास पुरते ठाऊक असते. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, हेही त्याने ऐकलेले असते. पण हे ‘घरचे’ ज्ञान दालनात सांगण्याच्या योग्यतेचे आहे, असे त्यास कोणी कधी सांगितलेले नसते. बी.ए. झाल्यावर दोन वर्षे शेती केली, ही गोष्ट तो लाजत लाजत सांगतो. वास्तविक त्या दोन वर्षांत पाणी, पीककर्ज आणि बाजारभाव यांची जी ओळख झाली, तीच भावी अधिकाऱ्याच्या उपयोगाची आहे.

पोशाखाबद्दल मी फारसे बोलणार नाही. कपडे स्वच्छ व नीट असावेत. उसना कोट अंगावर चढवून अवघडून बसण्यात अर्थ नाही. एखादी गोष्ट ठाऊक नसल्यास ‘मला माहीत नाही’ हे स्वच्छ सांगावे. अंदाजाने ठोकून दिलेले उत्तर पुढल्याच प्रश्नात उघडे पडते. आपले मत मंडळास मान्य दिसले नाही, तर ते शांतपणे पुन्हा मांडावे. लगेच फिरवू नये.

आता आपल्याकडून अपेक्षा. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात संध्याकाळी चार खुर्च्या मांडा. मुख्याध्यापक, सरपंच, गावचा निवृत्त सैनिक आणि बँकेतील एखादा अधिकारी बसू द्या. मुलाचा अर्ज हाती घेऊन अर्धा तास प्रश्न विचारा. मंडळात एक तरी अनोळखी माणूस शेजारच्या गावाहून बोलवावा, कारण ओळखीच्या माणसापुढे खरी भीती वाटत नाही. उत्तर चुकले तर मध्येच तोडू नका, शेवटी सांगा. मुलींची पाळी आधी ठेवा, म्हणजे अंधार पडण्यापूर्वी त्यांना घरी परतता येईल आणि घरचे नाही म्हणणार नाहीत.

वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात. त्यांपैकी एकीत गावच्या पाणीपुरवठ्याचा जमाखर्च वाचून दाखविण्याचे काम अशा एखाद्या तरुणीकडे द्या आणि सभेतील प्रश्नांना तिलाच उत्तरे देऊ द्या. पाणीपट्टी का वाढली, असे विचारणारे आजोबा कोणत्याही निवड मंडळाहून कमी कठोर नसतात.