शोधनिबंध मागवण्यात येत आहेत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘शोधनिबंध मागवण्यात येत आहेत.’ महाविद्यालयाच्या फलकावर, प्राध्यापकांच्या मोबाइलवर, कधी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या चौकटीत हे वाक्य तुम्ही वाचलं असेल. राज्यशास्त्र विभागाच्या वतीने दोन दिवसांची परिषद, मुख्य विषय अमुक, उपविषय वीस-पंचवीस, गोषवारा तीनशे शब्दांत, नोंदणी शुल्क इतकं, प्रवासखर्च दिला जाणार नाही, भोजनाची सोय केलेली आहे. लग्नपत्रिकेत आणि या पत्रकात मला एक साम्य दिसतं. दोन्हींत मजकुरापेक्षा नावंच जास्त. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, सहसचिव, प्राचार्य, संयोजक, सहसंयोजक आणि सगळ्यांच्या खाली ‘आपले नम्र’.

मी राज्यशास्त्राचा प्राध्यापक नव्हे. बी.ए.ला हा विषय होता, एवढीच माझी पुंजी. पुढचं आयुष्य नोकरीत आणि कवितेत गेलं. तरी अशी पत्रकं हाती आली की मी ती बारकाईने वाचतो. परिषदेत कोण काय बोललं हे चार दिवसांत विसरलं जातं. पण कोणाला बोलवायचं आणि कशावर बोलू द्यायचं, हे त्या एका पानावर आधीच ठरून गेलेलं असतं. तेव्हा श्रोतेहो, आज परिषदेबद्दल नाही, त्या पानाबद्दल चार शब्द बोलतो.

प्रश्न कसा मांडला यावर अख्खं शास्त्र कसं वळतं, याचं एक उदाहरण आपल्याच देशातलं आहे. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं जाणत्या मंडळींची ठरलेली तक्रार असे की जातीमुळे आपलं राजकारण नासलं. रजनी कोठारी यांनी १९६३ साली दिल्लीत ‘सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज’ ही संस्था काढली आणि १९७० साली ‘कास्ट इन इंडियन पॉलिटिक्स’ हा निरनिराळ्या अभ्यासकांच्या लेखांचा संग्रह संपादित केला. त्यात प्रश्नच उलटा करून ठेवला होता. जातीने राजकारणाचं काय केलं हे पुष्कळ झालं, आता राजकारणाने जातीचं काय केलं ते पाहू या. प्रश्न फिरल्याबरोबर दिसणारं चित्र फिरलं. याच संग्रहात एलिनॉर झेलियट यांचा महाराष्ट्रातल्या महार समाजाच्या राजकीय वाटचालीवरचा लेख आहे. ‘जातीयवादाचे दुष्परिणाम’ असा उपविषय देऊन कोणी निबंध मागवले असते, तर हा लेख त्यात बसला असता का, याचा विचार करून पाहा.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. तिथल्या राज्यशास्त्रज्ञांची संघटना १९०३ सालची, जुनी आणि मातबर. तिच्या वार्षिक अधिवेशनाला हजारो अभ्यासक येतात. त्यासाठी कित्येक महिने आधी प्रस्ताव मागवतात, पारखतात, निवडतात. २००० साली या मंडळींच्या संगणकांवर एक ई-मेल फिरू लागला. खाली सही होती ‘मिस्टर पेरेस्त्रोइका’. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की आपल्या शास्त्रात आकडेमोड आणि गणिती सूत्रं यांनाच मान राहिला आहे. एखाद्या मुलखात वर्षानुवर्षं राहून, तिथली भाषा शिकून, माणसांशी बोलून केलेल्या अभ्यासाला कोणी विचारत नाही. शेकडो प्राध्यापकांनी त्याची बाजू घेतली. राजकारण शिकवणाऱ्या माणसाला, तेही अमेरिकेत, आपलं नाव झाकून लिहावंसं वाटलं, हेच मला त्यात जास्त बोलकं वाटतं. या वादाच्या काळातच, २००३ साली, त्या संघटनेचं एक नवं नियतकालिक निघालं आणि त्याच साली अध्यक्षपदावर सुझान रुडॉल्फ आल्या. या बाई १९५६ साली पती लॉइड यांच्याबरोबर लंडनहून मोटारीने भारतात आल्या होत्या आणि पुढे दोघांनी राजस्थानच्या अभ्यासात उभी हयात घालवली. माणसांशी बोलून केलेला अभ्यास म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नसणार.

आपल्याकडे गाडी वेगळ्याच रुळावर गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत लावली. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर १० गुण, राष्ट्रीय परिषदेत साडेसात. झालं! तालुक्याच्या महाविद्यालयातली परिषदसुद्धा एका रात्रीत आंतरराष्ट्रीय झाली. परदेशातला एखादा पाहुणा मिळवला की काम भागतं. पुढे २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी परिषदांत दोन निबंध वाचणं सक्तीचं केलं. ती सक्ती २०२२ मध्ये उठली. २०१८ साली प्राध्यापकांच्या गुणांचा हिशेबही बदलला. पण लागलेली सवय इतक्यात सुटत नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर घरबसल्या परिषदा आणि घरबसल्या प्रमाणपत्रं यांचा नुसता पाऊस पडला.

या धांदलीत पत्रकाचं काय झालं? निबंध कोणत्या टायपात असावा, ते अगदी काटेकोर सांगितलेलं असतं: मराठीसाठी कृतिदेव ०५५, आकार १४, दोन ओळींत अंतर दीड. प्रश्न कोणता आहे, ते मात्र कुठेच नसतं. ‘भारतीय लोकशाही : आव्हाने आणि संधी’ हा काही प्रश्न नव्हे. त्याखाली आव्हान काहीही लिहा आणि संधी काहीही लिहा, चालून जातं.

मी हे हसण्यावारी नेत नाही. आडगावच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला आपलं म्हणणं चार लोकांपुढे मांडायला दुसरी जागा नसते. दिल्लीच्या संस्थेत त्याला कोण बोलावणार? नोंदणीचे हजार-दीड हजार तो पदरचे भरतो, एस.टी.ने येतो आणि समांतर सत्रात सात मिनिटं बोलून जातो. त्या सात मिनिटांची किंमत पत्रक काढणाऱ्यांनी ओळखावी, एवढंच माझं मागणं आहे.

आता जवळचं बोलतो. रमजान ईदच्या आधी आठ दिवस मला फोन येतात. ‘सर, ईदवर एक छान कविता द्या ना.’ कुठे दंगल झाली की पुन्हा फोन, या वेळी सलोख्यावर. पाऊस पडला, कापसाचा भाव पडला, धरण भरलं, तेव्हा मला कोणी कविता मागत नाही. पाऊस काय माझ्या पत्र्यावर पडत नाही? परिषदांच्या पत्रकांतही मला हेच दिसतं. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. त्यानंतर उपविषयांच्या यादीत ‘मुस्लिम समाज आणि राजकारण’ ही ओळ ठरल्यासारखी येऊ लागली. ओळ आली हे बरंच झालं. पण ती लिहिणाऱ्याने अहवाल उघडून पाहिला होता का? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या आकड्यांवरून त्या समितीने सांगितलं होतं की देशातल्या मुसलमानांत ओबीसी ४०.७ टक्के आहेत. महाराष्ट्रात तांबोळी आहेत, बागवान, पिंजारी, मोमीन, अत्तार आहेत. एकाच मोहल्ल्यात राहून प्रत्येकाचं राजकारण निराळं. पत्रकात मात्र सगळे मिळून एक ‘मुस्लिम मतदार’. प्रा. मोईन शाकीर तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवत. खिलाफतीपासून फाळणीपर्यंतच्या मुस्लिम राजकीय विचारावर त्यांनी १९७० सालीच पुस्तक लिहिलं आणि त्या काळातले मुसलमान नेतेही एका सुरात बोलत नव्हते, हे दाखवून दिलं. इतक्या वर्षांनी पत्रकातली ओळ त्याच्याही मागे असावी?

आणि उलट बाजूने पाहिलं तर, मुसलमान अभ्यासकाने मुसलमानांवरच लिहावं अशी एक अलिखित अटही असते. माझी पुतणी राज्यशास्त्रात पीएच.डी. करते आहे. आमच्या गावाला नळाचं पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. कोणत्या प्रभागाचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, किती वेळ उघडा ठेवायचा, हे ठरवतं कोण, हा तिचा विषय. नगरसेवक असताना त्यांच्या शब्दावर चालतं, असं सगळे म्हणायचे. मग २०२१ च्या अखेरीपासून राज्यातल्या नगरपालिकांच्या मुदती संपत गेल्या, निवडणुका लांबत गेल्या, प्रशासक बसले. मतदान झालं ते २०२५ च्या डिसेंबरात. मधल्या काळात नगरसेवकच नव्हते. मग व्हॉल्व्हची चावी कोणाच्या शब्दावर फिरत होती? सहा महिने तिने तीन प्रभागांतल्या पाण्याच्या वेळा वहीत टिपल्या. बायकांनीच सांगितल्या, कारण रात्री दोनला उठून हंडे लावणाऱ्या त्याच.

तिने एका परिषदेला प्रस्ताव पाठवला. संयोजकांचा फोन आला. सभ्य भाषेत, अगदी आपुलकीने. विषय चांगला आहे, पण कोणत्याच उपविषयात बसत नाही. त्यापेक्षा ‘अल्पसंख्याक स्त्रियांचा राजकीय सहभाग’ यावर तुम्ही लिहा, त्यात आमच्याकडे निबंध कमी आले आहेत. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, “चाचा, पाणी सगळ्या प्रभागांत आठ दिवसांनीच येतं. मग मी एकाच प्रभागाचं का लिहायचं?”

तिने विषय बदलला नाही. यादीच्या अगदी शेवटी ‘वरील विषयाशी निगडित इतर कोणताही विषय’ अशी एक ओळ असते. त्या ओळीखाली तोच प्रस्ताव पुन्हा पाठवला आणि तो घेतला गेला. जेवणानंतरचं सत्र, समोर नऊ माणसं. एका निवृत्त प्राध्यापकांनी विचारलं, व्हॉल्व्ह कधी उघडला याची नोंद नगरपालिकेत लेखी ठेवतात का? असा प्रश्न तिला तोवर कोणीच विचारला नव्हता. परत आल्यावर तिने माहिती अधिकारात अर्ज टाकला. वर्षभराच्या नोंदवह्या मिळाल्या, मधल्या दोन महिन्यांच्या सोडून. त्या दोन महिन्यांसाठी आता अपील चालू आहे.

त्या शेवटच्या ओळीवर माझा जीव आहे, तो असा. संयोजकांना विनंती करावीशी वाटते की ती ओळ वर घ्या. वीस उपविषयांच्या जागी दोन-तीन खरे प्रश्न लिहा, ज्यांची उत्तरं तुम्हालाही माहीत नाहीत. पत्रक आधी मराठीत लिहा, मग त्याचं इंग्रजी करा. आज बहुतेक उलट होतं आणि मराठी वाचताना दाताखाली खडे येतात. राज्याच्या भाषा संचालनालयाचा राज्यशास्त्र परिभाषा कोश आहे, ‘समाज प्रबोधन पत्रिके’सारखी नियतकालिकं आहेत, या भाषेत हे शास्त्र बोलता येतं. प्रस्ताव तपासणाऱ्याकडे पाठवताना वरचं नाव झाका. मोठ्या परिषदांत ही रीत आहे आणि तिला काही खर्च येत नाही. तेवढं केलं असतं, तर माझ्या पुतणीला तो फोन आला नसता.

आणि ऐकणाऱ्यांत कोणी माजी ग्रामपंचायत सदस्य असेल, नगरपालिकेतला निवृत्त कारकून असेल, बचत गट चालवणारी बाई असेल, तर त्यांनाही सांगतो. पत्रकात ‘प्राध्यापक, संशोधक, विद्यार्थी’ यांच्यापुढे पुष्कळदा ‘अभ्यासक व कार्यकर्ते’ असंही लिहिलेलं असतं. ते तुमच्यासाठी आहे. तीनशे शब्द म्हणजे फुलस्केपचं एक पान. मला काय विचारायचं आहे, ते कशावरून सुचलं, माझ्याकडे कोणती कागदपत्रं आहेत आणि आणखी कोणाला भेटणार, एवढं त्यात मावतं. व्यासपीठावरच्या मोठ्या लोकांच्या नावांशी आपल्याला कर्तव्य नाही. प्रस्ताव कुठे आणि कधीपर्यंत पाठवायचा, ते त्यांच्या खाली, शेवटी, बारीक टायपात छापलेलं असतं.