दुपारच्या हवेचा हिशेब



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. तरी आज हवेवर बोलणार आहे, कारण हा विषय माझ्या घरातला आहे. माझे अब्बा तीस वर्षं पुण्यात रिक्षा चालवतायत. एप्रिल-मे आला की दुपारी त्यांची छाती जड होते, खोकला लागतो. "धूळ आहे, दुसरं काय?" असं ते म्हणायचे. आम्हीही तेच धरून चाललो होतो. एका सुट्टीच्या दिवशी मी हवा मोजणाऱ्या केंद्राचे तासातासाचे आकडे उघडून बसलो. धूळ सकाळी जास्त होती, दुपारी उतरली होती. दुपारी चढत होता तो ओझोन.

ओझोन म्हटलं की आपल्याला शाळेत शिकलेलं आकाशातलं कवच आठवतं. ते खूप वर आहे आणि आपल्या भल्याचं आहे. पण तोच वायू जमिनीलगत, आपल्या श्वासात आला की श्वासनलिका चुरचुरते, दमा उसळतो, फुप्फुसांची ताकद घटते. तो कुठल्या धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनं आणि कारखान्यांतून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साईड, शिवाय पेट्रोल, रंग, थिनर यांच्या वाफा, यांच्यावर कडक ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. त्याला रंग नाही, त्यामुळे आकाश निळंशार असलं तरी हवा वाईट असू शकते. धूळ अडवणारा मास्क हा वायू अडवत नाही.

आमच्या कामात एक गोष्ट पहिल्यांदा शिकवतात : सरासरीवर विश्वास ठेवू नका. सर्व्हर दिवसभराच्या सरासरीत ठणठणीत दिसतो आणि नेमका गर्दीच्या तासाला कोलमडतो. हवेचंही तसंच आहे. मोबाईलवर दिसणारा एक्यूआय हा आठ प्रदूषकांपैकी सर्वात वाईट एकाचा आकडा असतो. बहुतेक वेळा तो धुळीचा असतो, आणि धुळीचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. दुपारचा ओझोन त्यामागे झाकला जातो. आपल्याकडे त्याची मर्यादा आठ तासांसाठी 100 आणि एका तासासाठी 180 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी आहे. पण 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची उद्दिष्टं धुळीच्या कणांपुरतीच आहेत.

याची किंमत किती? जागतिक रोगभार अभ्यासाच्या अंदाजानुसार 2019 मध्ये भारतात ओझोनमुळे सुमारे 1 लाख 68 हजार मृत्यू झाले. त्याच वर्षी एकूण वायुप्रदूषणामुळे झालेले अकाली मृत्यू आणि आजारपण यांतून बुडालेलं उत्पादन देशाच्या जीडीपीच्या 1.36 टक्के होतं.

ओझोन पिकांनाही सोडत नाही. भर चौकात वाहनांचा ताजा धूर ओझोनला थोडा खाऊन टाकतो, पण वाऱ्यासोबत शहराबाहेर गेलेल्या हवेत तो वाढत जातो आणि शेतांवर पोहोचतो. पुण्याच्या आयआयटीएममधल्या शास्त्रज्ञांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2005 सालचा हिशेब मांडला : गव्हाचं सुमारे 35 लाख टन आणि भाताचं सुमारे 21 लाख टन नुकसान. धूर शहराचा, तूट शेतकऱ्याची.

अब्बांचा खोकला फक्त ओझोनचा आहे, असा दावा मी करणार नाही. पण दुपारी बारा ते चार रस्त्यावर कोण असतं, ते आपल्याला माहीत आहे : रिक्षावाले, हातगाडीवाले, बांधकाम मजूर, पार्सल पोहोचवणारी आपलीच मुलं. हवा वाईट आहे म्हणून ते घरी बसले तर मजुरी बुडते, आणि कामावर गेले तर छाती. हा हिशेब कुठल्याच सरासरीत दिसत नाही.

म्हणून तीन कामं सांगतो. एक, एक्यूआय बघताना ओझोनचा दुपारचा आकडा वेगळा बघा आणि घरी सांगा. दोन, मुलांचे खेळ आणि स्पर्धा सकाळी ठेवा, उन्हाळ्यात पेट्रोल संध्याकाळनंतर भरा. तीन, आणि हे सर्वात महत्त्वाचं, आपल्या महापालिकेकडे मागणी करा की उष्णतेच्या इशाऱ्यासोबत ओझोनचाही इशारा द्यावा आणि अशा दिवशी उघड्यावरच्या कामाच्या वेळा बदलाव्यात. पहिली दोन कामं आपल्या हातात आहेत. तिसऱ्यासाठी आपल्याला एकत्र जावं लागेल.

अब्बा आता दुपारी दोन तास झाडाखाली रिक्षा लावतात. छातीला थोडा आराम पडलाय, गल्ला कमी झालाय. ही तूट त्यांनी एकट्यानं का भरायची, एवढाच माझा प्रश्न आहे.