तीन भोकांची साक्ष

श्रोतेहो, शाळामास्तरानें बंदुकीविषयीं बोलावें हें आपणांस चमत्कारिक वाटेल. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाहीं, आणि खडू व छडी यांहून भयंकर शस्त्र माझ्या हातीं कधीं आलें नाहीं. परंतु मध्यंतरीं अमेरिकेंत पुतण्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला, आणि तेथील चांदमारीच्या मैदानावर मला एक धडा मिळाला. पस्तीस वर्षें मास्तरकी करूनहि तो मला मिळाला नव्हता.

तिकडे पुष्कळ हौशी नेमबाज आपलीं काडतुसें घरींच भरतात. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवान्यावांचून तसें करतां येत नाहीं, हें आधींच सांगून ठेवतों. उडविलेलें पितळी कवच साफ करावयाचें, साच्यांत दाबून मूळ मापावर आणावयाचें, बुडाशीं नवी टोपी बसवावयाची, दारू तोलून ओतावयाची आणि तोंडाशीं गोळी घट्ट बसवावयाची, अशी ही कृति. दारूचें वजन ग्रेनमध्यें होतें. सात हजार ग्रेनांचा एक पौंड. म्हणजे एक ग्रेन हा आपल्या सोनाराच्या गुंजेच्या सुमारें अर्धा. दारू करणारांनीं छापलेल्या कोष्टकांतील खालच्या मापापासून आरंभ करावयाचा आणि थोडथोडी वाढवीत जावयाचें. टोपी चपटी झाली किंवा बंदुकीचा बोल्ट उघडतांना जड गेला, तर दाब वाढला असें समजून तेथेंच थांबावयाचें.

एके सकाळीं पुतण्यानें शंभर यार्डांवर निशाण लावून तीन गोळ्या झाडल्या. तीनही भोकें एका रुपयाच्या नाण्याखालीं झाकतील इतकीं जवळ पडलीं. "काका, पाहा! हेंच माप. आतां हरणाच्या शिकारीला हींच काडतुसें," असें म्हणून त्यानें तो कागद घडी करून खिशांत ठेवला.

बाजूला एक वृद्ध नेमबाज बसला होता. तो हंसून इतकेंच म्हणाला कीं, तीन गोळ्या ही साक्ष नव्हे, ती अफवा आहे. त्याच मापाच्या आणखी दहा झाड. पुतण्यानें थोड्या नाखुषीनेंच झाडल्या. मधून मधून नळी निवूं देऊन तो दहा वेळां नेम धरीत होता. शेवटीं भोकें तळहाताएवढ्या जागेंत विखुरलेलीं निघालीं! बंदूक तीच, दारू तीच, हातहि तोच. पहिलीं तीन भोकें खोटीं नव्हतीं. परंतु त्यांवरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा होता. तळहाताएवढा हा विस्तार दोनशें यार्डांवर दुप्पट होतो. त्यांत शिकाऱ्याच्या हाताचा कंप मिळवा, म्हणजे जखमी होऊन रानांत मरावयास पळालेलें हरीण आपल्या डोळ्यांपुढें उभें राहील.

पुढें मी या विषयावर थोडें वाचन केलें. मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्ड गांवचे डॉक्टर फ्रँकलिन मॅन हे वैद्यकीचे पदवीधर. पण गोळी नेमकी कोठें व कां भरकटते या एका प्रश्नापायीं त्यांनीं आयुष्यांतील कित्येक वर्षें वेंचलीं. माणसाच्या हाताची चूक हिशेबांतून वगळावी म्हणून त्यांनीं काँक्रीटचा भक्कम चौथरा बांधून त्यावर बंदुकीची नळी बसविली, आणि गोळीच्या वाटेंत कागदाचे पडदे टांगून ती कोठें तिरपी होते तें पाहिलें. मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्याहि त्यांनीं झाडल्या. तेव्हां आढळलें असें कीं, गोळीचें टोंक बिघडलें तरी नेम फारसा चुकत नाहीं; परंतु बूड बिघडलें तर ती दूर भरकटते. कारण नळीच्या तोंडाशीं सर्वांत शेवटीं सुटतें तें बूड. तें वांकडें असेल तर मागचा वायु एका बाजूनें आधीं निसटतो आणि गोळीला धक्का देतो. सर्वांचें लक्ष टोंकाकडे, आणि दोष मात्र बुडाशीं! हे सर्व प्रयोग त्यांनीं १९०९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. फसलेले प्रयोगहि त्यांत लपविले नाहींत.

पुतण्यानेंहि पुढच्या आठवड्यांत पद्धत बदलली. एका मापाचीं सर्व काडतुसें एकदम न उडवितां प्रत्येक मापाचें एकेक, असें पाळीपाळीनें तो उडवूं लागला, म्हणजे नळीची उष्णता, वारा आणि स्वतःचा थकवा हीं सर्व मापांना सारखीं वांटलीं जावींत. गोळीचा वेग तो यंत्रानें मोजी आणि चांगला-वाईट प्रत्येक कागद तारीख घालून जपून ठेवी. खिशांतला तो पहिला कागद त्यानें फाडला नाहीं. इतरांबरोबरच वहींत चिकटविला.

तो कागद चिकटवितांना पाहून मला एका विद्यार्थ्याची आठवण झाली. मी नवा मास्तर असतांना एका मुलाचा गणिताचा एकच पेपर तपासून "याला विद्या यावयाची नाहीं" असें त्याच्या वडिलांना सांगितलें होतें. त्यांनीं माझ्या शब्दावर विश्वासून त्याला शाळेंतून काढलें व दुकानांत बसविलें. तो पेपर लिहितांना मुलाच्या अंगांत ताप होता, हें मला फार उशिरां कळलें. मीं पाहिलीं होतीं तीं तीनच भोकें. आणि त्यांवरून नेम धरला होता एका जिवावर.

श्रोतेहो, आपणांपैकीं फारच थोड्यांच्या हातीं बंदूक येईल. पण मुलांचे, सुनांचे, शेजाऱ्यांचे निवाडे आपण सारेच रोज करीत असतों. तेव्हां निवाडा तोंडावर येईल त्या वेळीं आपल्यापाशीं भोकें किती आहेत, एवढें मोजावें. थोडीं असतील, तर आणखी दहा वेळां पाहावें.