माथेरानची आठवण



महोत्सवाच्या दिवशीं मन आपोआप मागें वळतें. ज्या स्थळीं आपण एकदां राहिलों, त्याची ओढ कशी असावी, याविषयीं मी आज थोडें बोलणार आहें. तरुणपणीं तीन वर्षें मी माथेरानास राहिलों. म्हणून त्याच डोंगराचें उदाहरण घेतों.

हा डोंगर सुमारें 800 मीटर उंच आहे. ठाण्याचे कलेक्टर मॅलेटसाहेब 1850 सालीं तो चढले, व पुढें तेथें थंड हवेचें गांव वसलें. 1907 सालीं नेरळहून लहान आगगाडी वर जाऊं लागली. गांवांत मोटारगाड्यांस मनाई. म्हणून तांबड्या मातीच्या वाटा, जांभळीची गर्द सावली व घोड्यांच्या टापा, हेंच पाहुण्यांच्या स्मरणांत राहतें.

परंतु जो तेथें पावसाळा काढतो, त्याची आठवण निराळी असते. आगगाडी बंद, धुकें घरांत शिरलेलें, कपडे वाळावयाचे नाहींत, आणि ज्याचें पोट पाहुण्यांवर, त्याच्या घरीं तांदूळ मोजून शिजावयाचे. हातरिक्षा ओढणारे माझे शेजारी होते. चढावर एकजण पुढून ओढी व सोबती मागून ढकली. रात्रीं त्यांचा खोकला भिंतीपलीकडून ऐकूं येई.

6 ऑगस्ट 2025 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ही हातरिक्षा मनुष्याच्या प्रतिष्ठेस बाधक ठरवून, ती सहा महिन्यांत बंद करावी व त्या लोकांस ई-रिक्षा मिळण्याची योजना करावी, अशी आज्ञा दिली. तेव्हां कित्येक हळहळले, “आमचें जुनें माथेरान गेलें!” त्यांना मी नम्रपणें विचारतों, आपणांस डोंगर आठवतो, मग त्यावर आपणांस ओढून नेणारा मनुष्य कां आठवूं नये?

झाडें, माती व शांतता अवश्य जपावीं. शासनानें 2003 सालीं तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविला, हें योग्यच झालें. पण दुसऱ्याच्या श्वासावर उभें असलेलें जुनेपण जपण्याजोगें नव्हे.

म्हणून माझें एवढेंच सांगणें कीं, जुन्या ठिकाणीं पुन्हां गेलांत, तर केवळ दरीचा देखावा पाहून परतूं नका. ज्यांनीं आपलें सामान वाहिलें, पाणी भरलें, त्यांची मुलेंबाळें आज कशीं आहेत, याची विचारपूस करा. ज्या आठवणींत ही माणसें आहेत, तीच पूर्ण आठवण होय.